खोऱ्यातल्या निरोपांसाठी रेडिओचं जाळं: मेशटास्टिक, मेशकोअर की रेटिक्युलम?

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली, तेव्हा खाली सावित्रीच्या पुरानं रस्ते बुडालेले होते. बचाव पथकं गावात पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली होती. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि मागे कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. मोबाईलचा टॉवर वीज आणि केबल या दोन्हींवर उभा असतो, आणि पावसात या दोन्ही गोष्टी सगळ्यात आधी जातात.

म्हणून घाटाखालच्या एका खोऱ्यात आम्ही काही जण गेले दोन पावसाळे एकच काम करतोय: इंटरनेट, सिमकार्ड आणि टॉवर यांपैकी काहीही नसताना एका वाडीचा लेखी निरोप दुसऱ्या वाडीपर्यंत जावा. हे ऐकून आजूबाजूच्या गावांतले तरुण, ट्रेकिंगचे गट, एक-दोन सरपंच विचारायला येतात. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: "मेशटास्टिक घ्यायचं की मेशकोअर?" कुणीतरी रेटिक्युलमचंही नाव ऐकलेलं असतं. छोट्या रेडिओ यंत्रांचं जाळं करून निरोप एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारी ही तीन सॉफ्टवेअर आहेत. हा आढावा त्यांच्यासाठी आहे. तिन्ही आम्ही वापरून पाहिली आहेत आणि माझी निवड कुठे झुकते ते मी लपवणार नाही.

तिघांचा पाया एकच

मेशटास्टिक आणि मेशकोअर पूर्णपणे लोरा रेडिओवर चालतात, रेटिक्युलम लोरावरही चालतं. लोराचं तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ कंपनीनं काढलं आणि 2012 मध्ये अमेरिकेच्या सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली. वेग अगदी कमी ठेवायचा आणि त्या बदल्यात फार थोड्या शक्तीत फार लांब ऐकू जायचं, हा त्यातला सौदा आहे. बहुतेक बोर्डांवर, म्हणजे या छोट्या रेडिओ यंत्रांवर, एसएक्स1262 ही चिप असते. तिची कमाल शक्ती 22 डीबीएम, म्हणजे वॉटचा सहावा हिस्सासुद्धा नाही. एवढ्यावर मेशटास्टिकच्या नोंदीत 331 किलोमीटरचा विक्रम आहे.

तो आकडा वाचून कुणी भुलू नये. असे विक्रम मोकळ्या जागेत, दोन्ही टोकं एकमेकांना स्वच्छ दिसत असताना होतात. आपल्या खोऱ्यात मधली सोंड आडवी आली तर दोन किलोमीटरही जड जातात. शिवाय समोरचं ठिकाण डोळ्यांना दिसणं पुरेसं नसतं. 10 किलोमीटरच्या अंतरावर 866 मेगाहर्ट्झला मधोमध सरळ रेषेच्या चहूबाजूंना सुमारे 29 मीटरचा पोकळ पट्टा लागतो. त्यातला निदान निम्म्याहून अधिक भाग मोकळा हवा. त्यात आंब्याची राई आली की सिग्नल मार खातो, आणि पावसात भिजलेली पानं कोरड्या पानांपेक्षा जास्त खातात. शक्ती वाढवून हे सुटत नाही, उंची वाढवून सुटतं. अँटेना पडवीतून काढून पाण्याच्या टाकीवर नेली की जो फरक पडतो, तो कुठलंही सॉफ्टवेअर बदलून पडत नाही.

फरक कुठे आहे: निरोप पुढे कोण पाठवतं?

मेशटास्टिक हा प्रकल्प 2020 मध्ये केव्हिन हेस्टर यांनी सुरू केला. त्याची मूळ कल्पना मोकळी आणि उदार आहे: ज्याच्या हातात नोड, म्हणजे जाळ्यातलं एक यंत्र, आहे तो प्रत्येक जण रिपीटर, म्हणजे ऐकलेला निरोप पुढे पाठवणारा. मी निरोप पाठवला की ज्यांनी ज्यांनी तो ऐकला ते थोडं थांबतात, दुसऱ्या कुणी पुढे पाठवला का ते ऐकतात, आणि नसेल पाठवला तर स्वतः पाठवतात. लांबच्यानं आधी पाठवावा अशी त्यात सोय आहे. निरोप मूळ सेटिंगमध्ये तीन टप्प्यांपर्यंत जातो, वाढवला तर सातपर्यंत. कुणी काही आखायची गरज नाही. दहा माणसं दहा नोड घेऊन डोंगरात गेली की जाळं आपोआप झालं.

मेशकोअर 2025 च्या सुरुवातीला आलं. स्कॉट पॉवेल यांनी फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहिलं आणि त्याचा विचार उलट टोकाचा आहे. माणसाच्या हातातला नोड, ज्याला ते कंपॅनियन म्हणतात, मूळ सेटिंगमध्ये दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवत नाही. ते काम फक्त रिपीटर करतात, आणि रिपीटर म्हणजे कुणीतरी विचार करून उंचावर बसवलेलं यंत्र. एखाद्याला पहिला थेट निरोप पाठवताना तो सगळीकडे पसरतो. उत्तरासोबत वाट कळते, आणि पुढचे निरोप त्याच ठरलेल्या वाटेनं जातात. वाटेतला रिपीटर बंद पडला आणि पोच येईना, तर अॅप जुनी वाट टाकून पुन्हा शोध घेतं. टप्प्यांची मर्यादा 64 आहे.

कागदावर हे दोन तांत्रिक मार्ग दिसतात, पण खरं तर हे गाव कसं जगतं याबद्दलचे दोन अंदाज आहेत. मेशटास्टिक धरून चालतं की माणसं फिरती आहेत. मेशकोअर धरून चालतं की वाड्या जागच्या जागी आहेत आणि कुणीतरी टेकडीवर चढून यंत्राची काळजी घेणार आहे. आपलं कोणतं, हे आधी ठरवलं की अर्धा निर्णय झाला.

आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात मेशटास्टिक होतं. चार नोड होते तोवर सुंदर चाललं. चौदा झाले आणि निरोप गळायला लागले. कारण शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. लाँगफास्ट या मूळ प्रीसेटवर, म्हणजे तयार रेडिओ सेटिंगवर, वेग सेकंदाला जेमतेम 1,000 बिट असतो, त्यामुळे 200 बाइटचा भरगच्च निरोप जवळजवळ दोन सेकंद हवा, म्हणजे सगळ्यांची सामायिक रेडिओ वाट, अडवतो. तोच निरोप चार जणांनी पुढे पाठवला की आठ-दहा सेकंद गेले. त्यावर प्रत्येक नोड आपली बॅटरी, आपलं ठिकाण, आपलं नाव अधूनमधून आपणहून सांगत असतो. खोऱ्यातली हवा सगळ्यांची एकच. त्यातच एका उत्साही घरानं आपला पडवीतला नोड राउटर या भूमिकेत टाकला होता. राउटर इतरांपेक्षा आधी बोलतो, म्हणून तो उंचावरच हवा. खालचा राउटर आधी बोलला की टेकडीवरचा चांगला नोड "कुणीतरी पाठवला" असं समजून गप्प बसतो आणि निरोप पलीकडे जातच नाही.

हे सगळं मेशटास्टिकवर सुधारता येतं. ठिकाण पाठवणं बंद करा, बॅटरीची माहिती सहा तासांनी एकदा करा, घरातले नोड क्लायंट म्यूट (दुसऱ्यांचे निरोप पुढे न पाठवणारे) करा, राउटर फक्त माथ्यावर ठेवा, टप्पे तीनच राहू द्या. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को बे भागातल्या मोठ्या जाळ्यानं याच गर्दीमुळे लाँगफास्ट सोडून वेगवान प्रीसेट घेतला. 2.6 आवृत्तीपासून थेट निरोपांसाठी पुढचा टप्पा लक्षात ठेवण्याची सोयही आली आहे. पण नीट पाहिलं तर या सुधारणांतून आपण हळूहळू मेशकोअरचीच रचना हातानं उभी करतो: थोडेच जण पुढे पाठवतील, बाकीचे ऐकतील. मग दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही वाड्यांचं जाळं मेशकोअरवर नेलं.

एका नजरेत

| | मेशटास्टिक | मेशकोअर | रेटिक्युलम |
|---|---|---|---|
| पुढे कोण पाठवतं | जवळपास प्रत्येक नोड | फक्त रिपीटर | वाहतूक सुरू केलेले नोड |
| टप्पे | मूळ 3, कमाल 7 | कमाल 64 | कमाल 128 |
| एका निरोपाची मर्यादा | सुमारे 200 बाइट | सुमारे 150 बाइट | मोठा निरोप तुकड्यांनी जातो |
| नोड बंद असताना आलेला निरोप | सहसा गेला | रूम सर्व्हरवर राहतो | साठवण नोडवर राहतो |
| सोबत काय लागतं | बोर्ड आणि फोन | बोर्ड, फोन, आखून बसवलेले रिपीटर | बोर्ड आणि फोन किंवा छोटा संगणक, जाणता माणूस |

या तिघांची जाळी एकमेकांशी बोलत नाहीत, हे तक्त्यात मावत नाही. बोर्ड तोच असतो, फर्मवेअर बदललं की तो दुसऱ्या जगात जातो. अर्ध्या गावानं हे आणि अर्ध्यानं ते घेतलं तर दोन्ही अर्धी मुकी राहतील. म्हणून खरेदीच्या आधी बैठक घ्या.

मराठीत निरोप लिहिताना

परदेशी तुलनांमध्ये हा मुद्दा कधीच येत नाही, आणि आपल्यासाठी तो मोठा आहे. मर्यादा अक्षरांची नसून बाइटची असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. "पूल बुडाला, गाडी पाठवू नका" या निरोपाला 68 बाइट लागतात. तोच रोमन लिपीत लिहिला तर 29 मध्ये बसतो. म्हणजे देवनागरीतले असे निरोप मेशटास्टिकवर एका वेळी जेमतेम तीन मावतात, मेशकोअरवर दोन. मेशकोअरच्या सामायिक चॅनेलवर पाठवणाऱ्याचं नावही त्याच जागेतून जातं, म्हणून नोडला "श्री. अमुक तमुक पोलीस पाटील" असं देवनागरीत नाव देऊ नका. रोमन लिपीत "papa3" असं काहीतरी द्या.

दुसरी अडचण पडद्याची. फोनवर दोन्ही अॅपं मराठी व्यवस्थित दाखवतात. पण बोर्डावरच्या इवल्याशा पडद्याला देवनागरी वाचता येत नाही. टी-डेकसारख्या कळफलक असलेल्या यंत्रावरही कळा रोमनच आहेत. मोबाईल न वापरणाऱ्या आजींच्या हातात नुसतं यंत्र देऊन भागेल ही आशा म्हणूनच खोटी ठरते. आम्ही शेवटी एक कार्ड छापलं. 1 म्हणजे सगळे ठीक, 2 म्हणजे माणूस आजारी, 3 म्हणजे पाणी चढतंय, 4 म्हणजे जमिनीला भेग दिसली, आणि पुढे वाडीचा क्रमांक. "4 7" एवढा निरोप पाठवायला कुणालाही जमतं, तो तीन बाइटचा असतो आणि हवेत क्षणभरच राहतो. मेशटास्टिकमध्ये असे तयार निरोप बोर्डातच साठवून बटणानं निवडता येतात. फोन संपलेला असतानाही ते चालतं, आणि इथे मेशटास्टिक सरळ वरचढ आहे.

पोच मिळाली म्हणजे काय मिळालं?

हा मुद्दा बैठकीत दोनदा सांगा. एका व्यक्तीला थेट निरोप पाठवला आणि बरोबरची खूण आली, तर तो तिच्या नोडपर्यंत पोचला असं दोन्हीकडे धरता येतं. पण सामायिक चॅनेलवर तशी हमी नाही. तिथे दिसणाऱ्या खुणेचा अर्थ इतकाच की शेजारच्या एखाद्या नोडनं किंवा रिपीटरनं निरोप उचलून पुढे टाकला. सातव्या वाडीनं तो वाचला का, हे त्यातून कळत नाही. घरं रिकामी करा असा निरोप चॅनेलवर टाकून कुणी निर्धास्त झोपू नये. आमच्याकडे नियम आहे की अशा निरोपाला प्रत्येक वाडीतून माणसानं उत्तर द्यायचं, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर कुणीतरी टॉर्च घेऊन निघायचं.

रूम सर्व्हर हे मेशकोअरचं मला सगळ्यात आवडलेलं अंग. ते गावच्या फळ्यासारखं आहे. आशाताई दुपारी नोड बंद करून वर गेल्या, संध्याकाळी परत येऊन जोडल्या, की मधले न वाचलेले निरोप त्यांना मिळतात. साठवण मर्यादित आहे, शेवटचे 32 निरोप धरून चाला, पण वाडीच्या कामाला तेवढं पुरतं. मेशटास्टिकमध्ये साठवून पाठवण्याची सोय आहे, मात्र तिला जास्त मेमरी असलेला ठरावीक बोर्ड लागतो.

मेशकोअर सुरू करताना नवखे लोक एकाच जागी अडतात. समोरच्याच्या नोडनं आपली ओळख हवेत सांगितल्याशिवाय तो आपल्या यादीत येत नाही. याला ते अॅडव्हर्ट म्हणतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून एकेकाकडून अॅडव्हर्ट पाठवून घ्या, नाहीतर "माझं चालत नाही" म्हणून निम्मे जण घरी जातील. आणि रिपीटर बसवण्याआधी त्याचा संकेतशब्द बदला. मूळ संकेतशब्द "पासवर्ड" हा इंग्रजी शब्दच आहे आणि तो जगाला माहीत आहे.

गुप्तता

दोन्हीकडे निरोप कूटबद्ध होतात, पण मूळ सार्वजनिक चॅनेलची किल्ली सगळ्यांकडे असते. तिथे लिहिलेलं कुणीही वाचू शकतं. स्वतःचं चॅनेल बनवून क्यूआर कोडनं ओळखीच्यांनाच द्या. मेशकोअरमध्ये हॅश चिन्हानं सुरू होणारी चॅनेलं सोपी वाटतात, पण त्यांची किल्ली नावातूनच तयार होते. नाव ओळखलं की आत शिरता येतं. मेशटास्टिकवर थेट निरोपांसाठी दोघांपुरती किल्ली 2.5 आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुनं फर्मवेअर असलेले बोर्ड आधी अद्ययावत करा.

मेशटास्टिक इंटरनेटशी जोडण्याची एमक्यूटीटी ही सोय मी गावाच्या जाळ्यात बंदच ठेवायला सांगतो. बाहेरचे निरोप आपल्या अरुंद वाटेत घुसतात, आणि ठिकाण पाठवणं चालू राहिलं असेल तर कुणाचं घर कुठे आहे ते जगाच्या नकाशावर उमटतं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

कायदा, आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट

आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून परवानामुक्त आहे. 2021 च्या नियमांनी तो 868 पर्यंत वाढला. अट 1 वॉट प्रेषण शक्ती आणि 200 किलोहर्ट्झ रुंदीची आहे. शक्तीत आपण खूप आत आहोत. अडचण रुंदीची आहे: मेशटास्टिकचा लाँगफास्ट 250 किलोहर्ट्झ रुंद आहे, आणि अॅपमध्ये भारत हा प्रदेश निवडला तरी रुंदी तीच राहते.

यातून वाट आहे. लाँगमॉडरेट हा प्रीसेट 125 किलोहर्ट्झचा आहे, पण त्याचा वेग लाँगफास्टच्या तिसऱ्या हिश्शाइतका. त्यापेक्षा प्रीसेट सोडून हातानं 125 किलोहर्ट्झ रुंदी आणि स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती पसरवून पाठवायचा त्याचा आकडा) 10 घाला. गणित करून पाहिलं तर वेग आणि पल्ला दोन्ही लाँगफास्टच्या अगदी जवळ येतात आणि आपण नियमातही बसतो. तोटा इतकाच की मूळ सेटिंग घेऊन आलेला पाहुणा आपल्या जाळ्यात येऊ शकत नाही. मेशकोअरमध्ये हा प्रश्न सहज सुटतो, कारण युरोपातल्या बऱ्याच जाळ्यांनी 62.5 किलोहर्ट्झ रुंदीच स्वीकारली आहे. तीच रुंदी ठेवून वारंवारता आपल्या पट्ट्यात आणली की झालं. बोर्ड मागवताना 868 चाच मागवा. 433 किंवा 915 च्या अँटेनाचा इथे उपयोग नाही.

आयात उपकरणांना दूरसंचार विभागाची मान्यता लागते, तेव्हा विक्रेत्याकडे ती आहे का विचारा. शिवाय रेडिओ म्हटलं की संशय येतो. 2025 च्या मे महिन्यात परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या संकेतस्थळांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटिसा दिल्या होत्या, आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं सोबत बाळगल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी अडवले गेले आहेत. आपलं यंत्र त्यातलं नाही, पण टेकडीवर अँटेना दिसली की गावात चर्चा होणारच. ग्रामसभेत सांगा, पोलीस पाटलांना दाखवा, तहसील कार्यालयात लेखी माहिती द्या. किल्ल्याच्या बुरुजावर किंवा वनखात्याच्या जागेत विनापरवानगी काहीही ठोकू नका. माथ्यावरची शाळा, पाण्याची टाकी, देवळाजवळचं एखादं घर बहुतेक वेळा पुरतं.

बोर्ड आणि बॅटरी

माणसाच्या हातात हेल्टेक व्ही3 चालेल, अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. रिपीटरला तो नको. त्यातली ईएसपी32 चिप सतत ऐकत राहिली तर 100 मिलिअँपिअरच्या आसपास खाते. 3,000 मिलिअँपिअर-तासाची एक बॅटरी सव्वा दिवसात संपते. आरएके4631 सारख्या एनआरएफ52 चिपच्या बोर्डाला साधारण 10 पुरतात, म्हणजे तीच बॅटरी बारा दिवस. कोकणातल्या जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सोलर पॅनेलच्या आकारापेक्षा हा फरकच जाळं जिवंत ठेवतो. पैसे वाचवायचेच असतील तर हातातल्या नोडवर वाचवा, रिपीटरवर नाही. अँटेनाच्या जोडावर रबराची टेप नीट गुंडाळा, कारण आमचा एक रिपीटर केवळ जोडात पाणी शिरून गेला. आणि अँटेना न लावता बोर्ड कधीही चालू करू नका.

रेटिक्युलम कुणासाठी

मार्क क्विस्ट यांनी घडवलेलं रेटिक्युलम या दोघांपेक्षा फार व्यापक आहे. लोरा, वायफाय, केबल, हॅमचा (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा) पॅकेट रेडिओ, जे असेल त्यावरून ते निरोप नेतं आणि मधूनच एका माध्यमातून दुसऱ्यात उडी मारतं. साइडबँड या अॅपवरून लांब मजकूर, लहान चित्रंही जातात. देवनागरीची बाइटची चणचण तिथे जाणवत नाही. तांत्रिकदृष्ट्या तिघांत मला हेच सर्वात देखणं वाटतं. पण ते बसवायला, बिघडलं तर दुरुस्त करायला संगणकाची आज्ञावली वाचता येणारी निदान दोन माणसं गावातच राहणारी हवीत. पुण्यामुंबईत नोकरीला असलेला एक जाणता तरुण पुरत नाही, कारण पूर आला तेव्हा तो नेमका तिकडे असतो. अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ असेल आणि ते दोन वर्षांसाठी जबाबदारी घेणार असेल, तरच इकडे वळा.

हॅम रेडिओचं नाव निघतंच. त्याला परीक्षा आणि वैयक्तिक परवाना लागतो, निरोप कूटबद्ध करता येत नाही. पण आवाज जातो. घाबरलेल्या माणसाला आवाज ऐकू येणं आणि पडद्यावर "4 7" दिसणं यात फार अंतर आहे. तालुक्यात एक जरी परवानाधारक असेल तर त्याला पहिल्या बैठकीला बोलवा. 2025 मध्ये आलेलं बिटचॅट हे अॅप इंटरनेट नसताना फक्त फोनच्या ब्लूटूथवर चालतं. गर्दीच्या मैदानात उपयोगी, विखुरलेल्या वाड्यांत नाही.

मग कुणी काय घ्यावं

ट्रेकिंगचा गट, शोधपथक, वारीतल्या दिंडीसोबत चालणारे टँकरवाले आणि स्वयंसेवक यांनी मेशटास्टिक घ्यावं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडीरस्ताच नव्हता, मदतीला जाणारे पायी चढले. अशा चढणाऱ्या रांगेत प्रत्येक नोड पुढचा निरोप मागे देतो, नकाशावर साथीदार दिसतो, आणि आधी कुणी काही बसवून ठेवलेलं नसलं तरी चालतं. इथे मेशकोअरचे फिरते नोड मूळ सेटिंगमध्ये एकमेकांचे निरोप पुढे नेणार नाहीत.

ज्यांच्या वाड्या ठरलेल्या आहेत, खोरं दिसेल अशी दोन-तीन उंच ठिकाणं हाताशी आहेत, आणि महिन्यातून एकदा तिथे जाऊन येणारं माणूस नावानिशी ठरलं आहे, त्यांनी मेशकोअर घ्यावं. तसं माणूस ठरत नसेल तर घेऊ नये. एकच रिपीटर असलेलं मेशकोअरचं जाळं तो रिपीटर पडला की संपतं, त्यामुळे प्रत्येक वाडीला दोन रिपीटर ऐकू येतील असं आखा. दोनासाठी पैसे नसतील, तर त्या पावसाळ्यापुरतं नीट बसवलेलं मेशटास्टिकच बरं. एक गोष्ट खटकते तीही सांगतो: मेशकोअरचं फर्मवेअर खुलं आहे, पण त्याचं सर्वांत प्रचलित फोन अॅप खुलं नाही आणि काही सोयींना पैसे पडतात. मेशटास्टिकचं अॅपसकट सगळं खुलं आहे. गावाच्या मालकीची वस्तू म्हणताना हा फरक मला सलतो, तरी आमच्या वाड्यांसाठी मी मेशकोअरच निवडलं आहे.

चाचणी मे महिन्यात घेऊन समाधान मानू नका. तेव्हा पानं कोरडी असतात, डोंगर उघडे असतात, सगळं चालतं. जुलैतल्या एका पावसाच्या रात्री, सगळ्यांनी आपापल्या घरून, मोबाईल विमान मोडवर टाकून, प्रत्येक वाडीतून एक क्रमांक पाठवून पाहा. आमच्या पहिल्या अशा रात्री सातपैकी पाच वाड्या आल्या. सहावीसाठी अँटेना शाळेच्या छपरावर चार मीटरनं उंच करावी लागली. सातवीसाठी समोरच्या सोंडेवर तिसरा रिपीटर येतोय. त्याची पेटी तयार आहे, जागेच्या मालकांनी होकार दिलाय, पाऊस दोन दिवस उघडला की चढवायचा आहे.